हातावरच्याची आंघोळ

जपानला जायच्या आधी पंधरा दिवस आमच्या आईने सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की तिचा मुलगा तिला परदेशात नेऊन शेणात बसवणार आहे.

चूक तिची नव्हती. भाऊ फोनवर म्हणाला होता, "आई, तुला ओनसेनला नेतो." ओनसेन म्हणजे जपानी लोकांचं गरम पाण्याचं कुंड. आईला ऐकू आलं 'ऊन शेन'. आमच्या उरणकडच्या बोलीत गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात आणि शेणाला शेन, त्यामुळे अर्थ लावायला तिला कुणाची गरज पडली नाही. "ढोपराला बरा असंल," ती शेजारणीला म्हणाली. "आपल्याकरं शेन थंड असतंय, थय ऊन करून देतान." शेजारणीने विचारलं, गाईचं की म्हशीचं? ते मला माहीत असेल म्हणून आईने नागावला फोन केला.

मी नागावला सासरी असते. नारळाच्या वाडीत चार खोल्या बांधून होमस्टे चालवते, आणि या धंद्याने माझा स्वभाव बिघडला असं नवऱ्याचं मत आहे. ते खरं आहे. दुसऱ्याच्या घरी झोपायला गेले की मी आधी उशीचा अभ्रा हुंगते. समुद्रावरून आलेल्या पाहुण्यांच्या पायांची वाळू बारा वर्षं झाडून झाडून मला माणसं पायाकडून दिसायला लागली आहेत. असो. मी आईला शांतपणे समजावलं की शेण नाही, पाणी. ती जरा हिरमुसली. शेजारणीला काय सांगायचं, हा तिचा प्रश्न होता.

पाणी म्हटल्यावर मात्र ती यायला तयार झाली. त्याचं कारण बाबा.

बाबा बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवत. वर्षातून एकदा, थंडी पडली की, मालकाला विचारून ट्रेलरचा मागचा सांगाडा सोडून ठेवायचे आणि नुसतं पुढचं तोंड घेऊन आईला शेजारी बसवून पालीजवळ उन्हेऱ्याला न्यायचे. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. आईचं ढोपराचं दुखणं तेव्हापासूनचं. बायकांच्या कुंडात आई लुगड्यासकट बसायची, पुरुषांच्या कुंडात बाबा, आणि मधल्या भिंतीवरून बाबा ओरडून विचारायचे, "झाला काय गो?" आई कधी उत्तर द्यायची नाही. चारचौघांत नवऱ्याला ओ कशी देणार?

शेवटच्या वर्षी बाबांच्या मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. जपानात बर्फात गरम पाण्याचं कुंड, आणि त्यात माकडं बसलेली, डोळे मिटून, लाल तोंडं करून. बाबांनी तो व्हिडिओ दूधवाल्याला, पोस्टमनला, वायरमनला, सगळ्यांना दाखवला. "माकराला चालतंय," ते म्हणायचे, "मना काय झालंय? पोराकरं जानार आन बसनार." भाऊ सात वर्षं तिकडे नागोयाजवळ एका कारखान्यात आहे. बाबांनी पासपोर्ट काढला. फोटोत ते हसले म्हणून तो एकदा परत आला, तर दुसऱ्यांदा रागावून फोटो काढला. पासपोर्ट घरी आला आणि त्याच महिन्यात बाबा गेले. त्याला आता दोन वर्षं झाली.

विमानतळावरच्या रांगेत आईने स्वेटरची डावी बाही वर केली आणि मला हात दाखवला. "ह्याला थयच्या ऊन पान्यात बुरवून आनायचा हाय. तेंचा राहून गेला." त्या हातावर बाबांचं नाव गोंदलेलं आहे.

म्हणजे नाही. इथे थांबून सांगायला हवं.

आईच्या हातावर जे नाव आहे ते बाबांचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत ती गोंदून घ्यायला बसली. उजव्या हातावर तुळशीवृंदावन झालं, कपाळावर तीन ठिपके झाले, आणि डाव्या हाताला गोंदणारा म्हणाला, नवऱ्याचं नाव सांग. आता नाव कसं सांगणार? नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. बाबांचं नाव कृष्णाच्या नावांपैकी एक. तेव्हा आईने कोडं घातलं, "यशोदेचा पोर." गोंदणाऱ्याने मान हलवली आणि कृष्णाच्या हजार नावांतलं आपल्याला आवडलेलं एक काढून दिलं. आईला वाचता येत नव्हतं. घरी येऊन तिने मोठ्या अभिमानाने हात पुढे केला. बाबा सातवी पास. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ओट्यावर बसून विचारलं, "ह्यो कोन गो?"

तिथून पुढे आमच्या घरात एक माणूस जास्त झाला. त्याचं नाव 'हातावरचा'. बाबा जेवायला बसले की विचारायचे, "हातावरच्याला जेवन वारलास काय?" चावी सापडली नाही की ती हातावरच्याने नेली. आईने बाबांशी भांडून माहेरचा रस्ता धरला की बाबा मागून ओरडायचे, "एकटी कशी जातंस, तो हाय ना संगं!" आणि आई, जी रागात असायची, ती वाटेतच हसायला लागायची आणि परत यायची. भावाने आणि मी लहानपणी बरेच दिवस असं धरलं होतं की प्रत्येक आईच्या हातावर एक वेगळा माणूस असतो.

जपानात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. भाऊ, आई, मी, आणि भावाची गाडी, जी तांदळाच्या डब्याएवढी होती. दोन दिवसांचा बेत होता. आधी डोंगरातल्या गावांतून वर जायचं, वाटेत एका मोठ्या ओनसेनमध्ये डुंबायचं, रात्री त्याच्याही वर, राहायची सोय असलेल्या एका जुन्या खाणावळीत मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत. दिवाळी होऊन गेली होती. आईच्या पिशवीत करंज्या, चकल्या आणि रेवदंड्याहून मुद्दाम मागवलेले सोडे होते. सुकवलेल्या कोळंबीला इतकं घट्ट बांधलं होतं, तरी गाडीत काच खाली करायची वेळ आली.

जपानात गाडी आपल्यासारखी रस्त्याच्या डावीकडून चालवतात. तेवढं सोडलं तर आईला काहीच पटलं नाही. ड्रायव्हरची बायको म्हणून पंचेचाळीस वर्षं काढल्यामुळे तिला गाडी चालवता येत नसली तरी चालवून घेता येते. पहिल्या वळणाला ती म्हणाली, "हारन दे."

"आई, इथे हॉर्न देत नाहीत."

"वलनावं?"

"कुठेच नाही. उद्धटपणा समजतात."

"मग समोरच्याला कलनार कसा तू येतंस ता?" तिने विचार केला. "आन तो येतो ता आपल्याला?" त्यानंतर प्रत्येक वळणाला हॉर्न तिने तोंडाने दिला. हळूच, पण दिला. डोंगरातला रस्ता होता आणि वळणं किती ते विचारू नका.

पानगळीचा तो मोसम. डोंगर लाल, पिवळे, केशरी झालेले, आणि माणसं गाड्या थांबवून झाडांचे फोटो काढत होती. भावाने एका ठिकाणी गाडी थांबवली, हात पसरून म्हणाला, "बघ आई!" आईने बघितलं. एक पान हातात घेऊन उलटं करून मागून बघितलं. "कीर लागलेली न्हाय," ती म्हणाली. "पानी कमी परलंय. झारांच्या मुलाशी शेन घालाया सांग कुनाला तरी." लाल मेपलच्या झाडाखाली उभं राहून माझा भाऊ हिरमुसला तो अगदी आईवर गेला होता.

भाताची शेतं बघितल्यावर मात्र ती खूश झाली. कापणी होऊन गेली होती आणि पेंढ्या बांबूच्या मांडवावर उलट्या टांगून वाळत घातल्या होत्या. "अशी व्हायला पायजे," ती म्हणाली. एका शेताच्या बांधावर टोपी घातलेली एक म्हातारी बसली होती. आईने काच खाली करून हात केला. "भात झोरलाव काय?" म्हातारीने उत्तर दिलं नाही. आईने जरा मोठ्याने विचारलं, "जेवलाव काय?" म्हातारी जागची हलेना. आईला अपमान वाटला. गाडी थोडी पुढे गेल्यावर भावाने सांगितलं की ते बुजगावणं होतं. आईने मागच्या काचेतून वळून बघितलं आणि म्हणाली, "तरी मान हलवायला पायजे व्हती."

दुपारी आम्ही त्या मोठ्या ओनसेनला पोचलो. आत हिटर चालू होते. आईने स्वेटर काढला आणि ऐटीत काउंटरपाशी उभी राहिली, लुगडं, अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज, पायात भावाचे लोकरी मोजे. भिंतीवर एक पाटी होती. पाठीवर अजगरासारखं काहीतरी काढलेला माणूस आणि त्यावर लाल फुली.

"पान्यात साप हायती?" आईने विचारलं.

"नाही गं. इथल्या गुंडांच्या अंगावर अशी चित्रं असतात," भाऊ म्हणाला. "त्यांना आत घेत नाहीत." तो हे बोलला तेव्हा आई त्याच्या शेजारीच उभी होती, दोन्ही हात काउंटरवर टेकून.

काउंटरवरच्या बाईने आईच्या हातांकडे बघितलं. मग कपाळाकडे. मग तिने छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली आणि कमरेत वाकली. आईला वाटलं हा इथला नमस्कार. तिनेही दोन्ही हातांची फुली केली आणि वाकली. ती बाई घाबरून आणखी वाकली, फुली तशीच. आईही वाकली. मी आईला मागून धरलं तेव्हा तिचं कपाळ काउंटरला लागायचं बाकी होतं.

आणि मग भावाच्या डोक्यात उजेड पडला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. सात वर्षं जपानात राहिलेला, असल्या पाटीखालून शंभर वेळा गेलेला हा मुलगा आपल्या आईच्या अंगावर गोंदलेलं आहे हे विसरला होता. विसरला कसला, त्याला ते कधी दिसलंच नव्हतं. मलाही नाही. टॅटू म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या मुंबईच्या पोरांच्या दंडावर असतात ते. आईच्या हातावर असतो तो आईचा हात.

गाडीत बसल्यावर भावाने तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "मी गुंड?"

"तसं नाही गं, नियम आहे."

"तुलस काढलेली गुंड?"

खरं सांगते, आम्ही दोघं हसलो. आईही हसली. पाच मिनिटं आम्ही तिला गँगची भाई म्हणून चिडवलं आणि तिने "एकेकाला बगते" असा दमही दिला. मग ती हसायची थांबली आणि पुढच्या तीन वळणांना तिने हॉर्न दिला नाही.

भावाने औषधांच्या दुकानातून कातडीच्या रंगाच्या मोठ्या चिकटपट्ट्या आणल्या. वरच्या खाणावळीत चालवून घेतील, म्हणाला, गोंदण झाकलं तर. आईने उजवा हात पुढे केला, तुळस झाकून घेतली. कपाळावर पट्टी लावून घेतली, त्यामुळे ती एखाद्या हाणामारीतून आल्यासारखी दिसायला लागली, म्हणजे आता खरोखरच गुंड. डावा हात मात्र तिने पदराखाली घेतला.

"तो न्हाय."

"आई, तेवढ्यासाठीच तर..."

"तेंना पान्यात घालाया आनलंय. झाकून ठेवला तर पानी लागंल कसा? मग गेलो काय आन न गेलो काय."

दोन तास गाडीत दुमडून बसल्याने माझी कंबर गेली होती, सोड्यांचा वास नाकात बसला होता, आणि हे सगळं मी जमवून आणलेलं होतं, व्हिसाच्या कागदांपासून. माझ्या तोंडून गेलं, "आई, ते नाव बाबांचं नाहीच आहे!"

हे वाक्य आमच्या घरात हजारदा उच्चारलं गेलं असेल, पण नेहमी बाबांकडून आणि नेहमी हसत. असं चिडून ते कुणीच कधी म्हटलं नव्हतं. भावाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मला जीभ चावून टाकावीशी वाटली.

आई बाहेर बघत म्हणाली, "जलम गेला तेंचा त्या नावावं हसन्यात. आता ता तेंचाच झालाय." आणि मग अगदी साध्या आवाजात, "राहूदे. ऊन पानी उन्हेऱ्याला पन हाय."

पण उन्हेऱ्यालाही ती दोन वर्षांत गेली नव्हती. मी दोनदा गाडी घेऊन दारात उभी राहिले होते, दोन्ही वेळा तिला काम निघालं. भिंतीपलीकडून ओरडायला कुणी नसताना ती त्या कुंडात बसणार नव्हती हे मला माहीत होतं, आणि इथे नाही बसली तर कुठेच बसणार नाही, हेही.

खाणावळ लाकडी होती, नदीच्या काठावर, वाफा येत असलेली. माझी नजर सवयीने फिरली. चटया स्वच्छ, कोपऱ्यात जळमट नाही, चपलांची तोंडं दाराकडे वळवून ठेवलेली. मला मत्सर वाटला. मालकीणबाई सत्तरीची, लहानशी, राखाडी किमोनोतली. आईने पिशवीतून सोड्यांची पुडी काढून तिच्या हातात दिली. तिने उघडली, हुंगली, आणि तिचा चेहरा फुलला. त्यांच्यातही कोळंबी सुकवतात म्हणे. मला वाटलं, जमेल.

मग तिला आईचा डावा हात दिसला. ती भावाशी हळू आवाजात बोलली. भाऊ म्हणाला, "विचारतेय, हे काय लिहिलंय?"

"सांग," मी म्हटलं.

आता भावाची जपानी ही कारखान्यातली जपानी आहे. नटबोल्ट, सुटे भाग, माल कधी पोचेल, यात तो पक्का. नवऱ्याचं नाव न घेण्याची चाल, कोडं, जत्रेतला गोंदणारा आणि यशोदेचा पोर हा माल त्याने आजवर कधी पोचवला नव्हता. तो घाम पुसत दहा मिनिटं बोलला. मधूनमधून हातावर बोट ठेवत होता, मधूनमधून आकाशाकडे. मालकीणबाई आधी मान हलवत होती. मग तिने तोंडावर हात ठेवला. मग तिचे डोळे भरून आले. शेवटी तिने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, काहीतरी पुटपुटली आणि इतकी वाकली की मला तिच्या अंबाड्यातली काडी मागून दिसली.

"काय म्हनते?" आईने विचारलं.

"म्हणते की मोठ्या कुंडात नेता येणार नाही, पण घरच्या माणसांचं एक छोटं कुंड आहे मागे, उघड्यावर. उद्या सकाळी ते फक्त तुझ्यासाठी. पट्ट्या नको, काही नको." भावाचे कान लाल झाले होते.

आईला आमच्या खोलीत टेकवून मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "काय सांगितलंस तू तिला?"

"जे आहे तेच."

"म्हणजे?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "हे एका पुरुषाचं नाव आहे. आमच्या वडिलांचं नाही, दुसऱ्याचं. आईने ते सगळा जन्म हातावर बाळगलं. वडिलांना माहीत होतं. ते रोज त्या माणसाला जेवायला वाढायला सांगायचे. आता वडील वारले आणि आई त्या माणसाला गरम पाण्यात घेऊन आली आहे."

मी भिंतीला टेकले.

"एकेक वाक्य खरं आहे," तो म्हणाला.

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, असं प्रेम हल्ली बघायला मिळत नाही. आणि तुमचे वडील फार मोठ्या मनाचे होते."

"जा आणि दुरुस्त कर."

"दुरुस्त केलं तर कुंड जाईल."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आई आयुष्यभर पतिव्रतेसारखी राहिली, तेव्हा कुणी तिला साधी खुर्ची दिली नव्हती. एक यार मिळाल्याबरोबर खासगी कुंड. मी म्हटलं, राहू दे.

जेवताना आईच्या ताटात माशाचा सगळ्यात मोठा तुकडा आला. मालकीणबाईने तिच्या शेजारी एक रिकामं ताटही मांडलं, वाटी, जेवायच्या काड्या, सगळं. "हा कुनाला?" आईने विचारलं. भाऊ भातात डोकं घालून बसला. मी म्हटलं, त्यांच्याकडे पद्धत आहे.

सकाळी उजाडल्यावर मालकीणबाई आम्हाला मागच्या दाराने घेऊन गेली आणि बांबूच्या कुडापाशी वाकून परत गेली. भाऊ कुडापलीकडे थांबला. कुंड दगडी, चार माणसं बसतील एवढं, पलीकडे नदी आणि वर ती केशरी झाडं. इथे कपडे सगळे काढावे लागतात ही बातमी भावाने मला रात्री दिली होती आणि मी ती आईपासून लपवून ठेवली होती. आता सांगितली. मला वाटलं होतं की ती मागे फिरेल. तिने लुगडं सोडलं, घडी घालून दगडावर ठेवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय टावेलात उभी हाईस? जलमलीस तवा काय सारी नेसून आलीस?"

आम्ही अंग धुतलं आणि पाण्यात उतरलो. आईने पाण्यावर तरंगणारी लाल पानं आधी सगळी गोळा करून काठावर टाकली. विहीर साफ केल्यासारखं कुंड साफ झाल्यावर मगच ती खाली बसली. मानेपर्यंत. डावा हात तिने पाण्याबाहेर धरला होता. थोडा वेळ तसाच धरला, मग सावकाश आत घेतला. हिरवी अक्षरं पाण्याखाली हलायला लागली. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला रडायला येत होतं आणि पाण्यात ते सोपं जातं.

"उन्हेऱ्याचा जास्त ऊन असतंय," ती थोड्या वेळाने म्हणाली.

मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. मालकीणबाईला काय वाटलंय, भावाने काय सांगितलं, रिकामं ताट कुणासाठी होतं. आईने डोळे मोठे केले. "हातावरच्याला?"

"हातावरच्याला."

"ताट मांडला?"

"काड्यांसकट."

ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग कुंडातलं पाणी हललं, काठावरून सांडायला लागलं. लाल तोंड, मिटलेले डोळे, कपाळावर ओले केस. बाबांच्या व्हिडिओतलं माकड माझ्यासमोर बसलं होतं. कुडापलीकडून भावाने घाबरून विचारलं, "काय झालं?" आई हसता हसता म्हणाली, "आता ह्या तेंना सांगाया पायजे. तेंना सांगाया..."

आणि थांबली.

बाबांचं नाव तिने कधी घेतलंच नव्हतं असं नाही. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायची, पुढे दोन ओळी जोडून, इतक्या भरभर की नाव कुठे आलं ते कळू नये. बाबा गेले तसा उखाणाही गेला. विधवेला कोण म्हणणार, नाव घे. दोन वर्षांत ते नाव तिच्या तोंडात आलंच नव्हतं.

तिने हात पाण्यातून वर काढला, त्यावरचं पाणी निथळू दिलं, नदीकडे तोंड केलं, आणि उन्हेऱ्याच्या भिंतीपलीकडे पोचेल एवढ्या मोठ्याने बाबांचं नाव घेतलं. खरं नाव. मागे उखाणा नाही, पुढे काही नाही. "ओ! झाला माजा! ऐकलाव काय?"

नदी तेवढी वाजत होती.

आई पुन्हा मानेपर्यंत पाण्यात गेली. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काय ऐकला न्हाय हां."

"नाही," मी म्हटलं. "मी काहीच ऐकलं नाही."